'एक्सपिडाइट'मधला पाय

प्रश्न असा आहे: 'एक्सपिडाइट' या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय? त्यात 'पाय' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे म्हणतात, ते खरे का? आणि खरे असेल, तर पायाचा आणि काम लवकर होण्याचा संबंध कुठून आला? जोडीला असेही विचारले आहे की शब्द असे फोडून शिकल्याने इंग्रजी खरोखर सुधारते का.

आधी थोडक्यात सांगतो. एक्सपिडाइट म्हणजे एखादी प्रक्रिया, व्यवहार किंवा काम वाटेतल्या अडचणी दूर करून नेहमीपेक्षा लवकर पुढे सरकवणे. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्दप्रयोग 'मार्गी लावणे' हा आहे, त्याला 'तातडीने' जोडले की अर्थ जवळजवळ पुरा होतो. त्यात पाय आहे, हेही खरे. मूळ लॅटिन क्रियापदाचा शब्दशः अर्थ 'पाय अडकले होते ते सोडवणे' असा आहे. शब्द फोडून शिकण्याच्या उपयोगाबद्दल मात्र 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात सांगता येत नाही. भाषांतर आणि इंग्रजीचे अध्यापन हेच माझे रोजचे काम असल्यामुळे या मुद्द्यावर माझे मत ठाम आहे: शब्दाचे घटक आपल्याला एक चित्र देतात, अर्थ देत नाहीत. अर्थ वापरातून येतो. पण चित्र एकदा मनात बसले की वापरातला अर्थ विसरला जात नाही आणि जवळच्या चार शब्दांमध्ये गोंधळही होत नाही. एक्सपिडाइट हा त्याचा फार चांगला नमुना आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्दाचे तीन तुकडे पडतात: एक्स, पेड आणि आइट.

पहिला तुकडा 'एक्स' म्हणजे बाहेर. एक्झिट, एक्सपोर्ट, एक्सपेल यांत तो उघड दिसतो. काही शब्दांत तो रूप बदलतो. पुढे एफ आला की 'एफ' होतो, जसे इफेक्ट आणि एफर्ट. काही व्यंजनांपुढे नुसता 'इ' उरतो, जसे इमिट आणि इजेक्ट. संस्कृतातल्या संधीची सवय असलेल्यांना हे समजायला वेळ लागू नये. 'उत्' चा 'उद्', 'उन्', 'उज्' होतो तसाच हा प्रकार.

दुसरा तुकडा 'पेड', म्हणजे पाय. इथे अनेकजण अडखळतात, कारण लॅटिन शब्दकोशात 'पाय' शोधला तर 'पेस' असा शब्द सापडतो आणि त्यात ड कुठेच नसतो. म्हणूनच लॅटिन कोशात नामाची दोन रूपे शेजारी-शेजारी छापतात: प्रथमा 'पेस' आणि षष्ठी 'पेदिस'. प्रथमेच्या स प्रत्ययापुढे मुळातला द गळून गेला, षष्ठीत तो टिकला. शब्दाचे खरे अंग षष्ठीत दिसते आणि इंग्रजीत उतरलेले शब्द त्याच अंगावरून बनतात. संस्कृत शिकताना 'राजा' हे रूप पाठ असूनही 'राज्ञः' पाहिल्याशिवाय अंगाचा पत्ता लागत नाही, ते आठवा.

आता 'पेद्' हे अंग मोठ्याने उच्चारून पाहा. संस्कृतातला 'पद्' आणि हा 'पेद्' एकाच मुळाचे आहेत. ग्रीकमध्ये तोच 'पोद्' होतो. इंग्रजीतला 'फुट' सुद्धा याच घरातला. जर्मन भाषांच्या शाखेत मूळच्या प चा फ आणि द चा ट झाला. पद आणि फुट यांत दोन्ही बदल एकाच शब्दात दिसतात. पितृ आणि फादर, पंच आणि फाइव्ह, दश आणि टेन, द्वि आणि टू, सगळीकडे हीच अदलाबदल आहे. याकोब ग्रिम या जर्मन भाषाभ्यासकाने 1822 साली हे बदल नियमाच्या स्वरूपात मांडले, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. मराठी वाचकाला लॅटिन शिकताना ही मोठी सोय आहे. बायपेड आणि क्वाड्रुपेड हे शब्द परके वाटायचे कारण नाही, द्विपाद आणि चतुष्पाद आपल्याकडे आधीपासून आहेत.

तिसरा तुकडा 'आइट'. याकडे बहुतेक पुस्तके दुर्लक्ष करतात, पण मला तो सगळ्यात रंजक वाटतो. मूळ लॅटिन क्रियापद 'एक्सपेदिरे'. मग इंग्रजीत 'एक्सपीड' असा शब्द का झाला नाही? याचा जोडीदार 'इम्पेदिरे' इंग्रजीत येऊन सरळ 'इम्पीड' झाला. कारण असे की इंग्रजीने लॅटिन क्रियापदे दोन वाटांनी घेतली. काही मूळ रूपावरून घेतली, काही त्यांच्या भूतकाळवाचक धातुसाधित विशेषणावरून. एक्सपेदिरेचे ते विशेषण 'एक्सपेदितुस', म्हणजे 'मोकळा केलेला'. त्यातला 'इत' इंग्रजीत 'आइट' झाला.

हे मराठीत आपण रोज करतो, फक्त लक्षात येत नाही. 'मुच्' या धातूपासून मराठीने 'मुचणे' केले नाही; 'मुक्त' हे विशेषण उचलले आणि त्याला 'करणे' जोडले. स्थगित करणे, सिद्ध करणे, नियुक्त करणे, सगळ्यांची रचना तीच. आणि साम्य एवढ्यावर थांबत नाही. संस्कृतातल्या मुक्तः, सिद्धः यांतला 'तः' आणि लॅटिनमधला 'तुस' हे मुळात एकच प्रत्यय आहेत. इंग्रजीत 'एट' ने संपणारी शेकडो क्रियापदे आहेत, क्रिएट, डिक्टेट, लिबरेट वगैरे. त्यांच्या शेवटी तोच 'त' बसलेला आहे. आम्हा भाषांतरकारांचे 'ट्रान्सलेट' हे क्रियापदही असेच. 'ट्रान्सफर' या क्रियापदाच्या लॅटिन मुळाचे भूतकाळी विशेषण म्हणजे 'ट्रान्सलातुस', पलीकडे नेलेले. एकाच लॅटिन क्रियापदाच्या दोन रूपांतून इंग्रजीला दोन स्वतंत्र क्रियापदे मिळाली. कन्व्हिन्स आणि कन्व्हिक्ट ही जोडीही तशीच, दोघांचे मूळ 'पूर्णपणे जिंकणे' या अर्थाच्या एकाच क्रियापदात आहे.

तर एक्सपेदिरे म्हणजे 'पाय बाहेर काढणे'. कशातून बाहेर? बेडीतून, फासातून, गुंत्यातून. उलट इम्पेदिरे म्हणजे 'पाय आत अडकवणे'. ही दोन क्रियापदे लॅटिनमध्ये एकमेकांसमोर उभी आहेत आणि एकीचा अर्थ दुसरीशिवाय नीट उलगडत नाही. ती एकत्र कशी वावरत होती हे पाहायला रोमन सैन्याच्या वाटचालीइतकी चांगली जागा नाही.

सैन्याबरोबर तंबू, अवजारे, धान्य, लादलेली जनावरे असा मोठा पसारा चालत असे. या पसाऱ्याला लॅटिनमध्ये 'इम्पेदिमेंता' म्हणत, शब्दशः 'पायात येणाऱ्या गोष्टी'. आणि जे सैनिक ओझे मागे ठेवून, लढायला सज्ज होऊन चालत, ते 'एक्सपेदिती', म्हणजे मोकळ्या पायांचे. इसवी सनापूर्वी 57 साली ज्युलियस सीझर आजच्या बेल्जियमच्या बाजूला नेर्वी नावाच्या जमातीवर चालून गेला. नेर्वींना खबर मिळाली होती की रोमन सैन्याच्या प्रत्येक तुकडीमागे तिचे सामान चालते आणि त्यामुळे दोन तुकड्यांमध्ये मोठे अंतर पडते. त्यांनी बेत केला की पहिली तुकडी पोचताच, सैनिकांच्या पाठीवर बोजे असतानाच तिच्यावर तुटून पडायचे. शत्रू जवळ आला की सीझर मात्र रांगेचा क्रम बदलत असे, आणि इथेही त्याने तेच केले. त्याने स्वतःच्या हकिकतीत लिहिले आहे की सहा पलटणी मोकळ्या करून त्याने पुढे घेतल्या, त्यांच्यामागे सगळ्या सैन्याचे सामान ठेवले आणि नव्याने भरती केलेल्या दोन पलटणी सर्वांत मागे. त्या वाक्यात सहा पलटणींना लावलेले विशेषण एक्सपेदितुसचेच रूप आहे आणि थोड्याच शब्दांनंतर सामानासाठी इम्पेदिमेंता. दोन्ही पाय एकाच वाक्यात, एक सुटा आणि एक गुंतलेला.

पुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे. झाडीत लपलेल्या नेर्वींनी हल्ल्याची खूण काय ठरवली होती? रोमनांच्या सामानाची पहिली गाडीघोडी नजरेस पडली की निघायचे. ती दिसली आणि ते साबिस नदी ओलांडून धावून आले. रोमन तेव्हा छावणीची तटबंदी उभारण्यात गुंतले होते, त्यामुळे लढाई फार जिकिरीची झाली. पण एका एकट्या तुकडीऐवजी त्यांच्यासमोर सहा पलटणी उभ्या होत्या. शेवटी सीझर जिंकला.

या चित्रावरून एक्सपिडाइटचा आजचा अर्थ कसा निघतो ते पाहा. मोकळ्या पायांचा सैनिक लवकर पोचतो. पण तो लवकर पोचतो कारण त्याच्यावर ओझे नाही. कुणी त्याला मागून पळवले म्हणून नव्हे. वेग हा परिणाम आहे, मोकळेपणा हे कारण. पंधराव्या-सोळाव्या शतकांत हे क्रियापद इंग्रजीत रुळले, तेव्हापासून 'लवकर' हा भाग पुढे येत गेला आणि 'मोकळे करणे' हा भाग मागे पडला. पण तो नाहीसा झालेला नाही. चांगल्या इंग्रजीत तो अजून जाणवतो, आणि म्हणूनच अॅक्सिलरेट, हेसन, रश आणि एक्सपिडाइट हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत.

अॅक्सिलरेटमध्ये 'केलेर' म्हणजे वेगवान हा लॅटिन शब्द आहे. तिथे नुसता वेग वाढतो, मग ती गाडी असो, हृदयाचे ठोके असोत की झाडाची वाढ. हेसन म्हणजे एखादी घटना आधी घडवून आणणे. आजाराने मृत्यू लवकर ओढवला असे म्हणताना हेसन चालते, एक्सपिडाइट अजिबात चालत नाही. रशमध्ये घाई आणि घाईने होणारी हयगय दोन्ही आहेत. एक्सपिडाइटमध्ये हयगय अभिप्रेत नसते. एखादा अर्ज एक्सपिडाइट केला म्हणजे त्याची तपासणी टाळली असे होत नाही, तो टेबलावर पडून राहिला नाही एवढेच होते. 'एक्सपिडिशस' या विशेषणात तर वेग आणि नेटकेपणा दोन्हींची प्रशंसा आहे.

व्यवसायांतले वापर पाहिले की हे अधिक पटते. मोठ्या प्रकल्पांमध्ये यंत्रसामग्रीची खरेदी झाल्यानंतर 'एक्सपिडायटिंग' हे स्वतंत्र काम असते. एक्सपिडायटर स्वतः काहीच तयार करत नाही. तो पुरवठादाराकडे पाठपुरावा करतो, गरज पडल्यास कारखान्यात जाऊन काम कुठे अडले आहे ते पाहतो: नकाशाला मंजुरी मिळालेली नाही, कच्चा माल आला नाही, तपासणीची तारीख ठरलेली नाही. तो त्या गाठी सोडवतो आणि माल वेळेवर निघतो. मोठ्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरातही याच नावाचा माणूस असतो. आचारी आणि वाढपी यांच्या मधे उभा राहून तो एका टेबलाचे सगळे पदार्थ एकाच वेळी बाहेर जातील असे पाहतो. तो स्वयंपाक करत नाही आणि वाढतही नाही, पण तो नसला तर दोन्हीकडची कामे एकमेकांत अडकतात.

हवाई वाहतूक नियंत्रणात या शब्दाला फार काटेकोर अर्थ आहे. नियंत्रक वैमानिकाला 'एक्सपिडाइट क्लाइम्ब' म्हणाला की वर चढण्याची क्रिया लगेच आणि न रेंगाळता करायची. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या परिभाषेत एक्सपिडाइट आणि इमिजिएटली यांत फरक केला आहे: तातडीची परिस्थिती निर्माण होऊ नये म्हणून चपळाई हवी असेल तर एक्सपिडाइट, आणि तशी परिस्थिती समोरच उभी असेल तर इमिजिएटली. शब्दकोशात शेजारी बसणारे हे दोन शब्द कॉकपिटमध्ये दोन वेगळ्या पायऱ्यांवर आहेत. व्याकरणाच्या दृष्टीनेही हा वापर वेगळा आहे, कारण इथे नुसते 'एक्सपिडाइट' एवढेच म्हटले तरी चालते. इतरत्र या क्रियापदाला कर्म लागतेच.

कर्माचा मुद्दा निघालाच आहे तर तोही सांगून टाकतो, कारण कार्यालयीन पत्रांत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एक्सपिडाइटचे कर्म प्रक्रिया असते: पेमेंट, डिलिव्हरी, अप्रूव्हल, हिअरिंग, इन्व्हेस्टिगेशन. माणूस हे त्याचे कर्म होत नाही. 'साहेबांना एक्सपिडाइट करा' या अर्थाचे वाक्य इंग्रजीत विचित्र वाटते. तिथे रिमाइंड (आठवण करून देणे) किंवा इंग्रजी 'अर्ज' (आग्रह करणे) हवे. 'एक्सपिडाइट फास्ट' किंवा 'एक्सपिडाइट क्विकली' ही पुनरुक्ती आहे, लवकरपणा क्रियापदातच आहे. आणि जे काम अजून कुणाकडे सोपवलेलेच नाही ते एक्सपिडाइट करता येत नाही. आधी ते कुठेतरी सुरू असावे लागते. उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर, 'एक्स' वर. 'एक्सपीडियंट' मध्ये मात्र जोर 'पी' वर सरकतो आणि 'एक्सपिडिशन' मध्ये 'डि' वर.

या दोन भावंडांबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण घटकांवरून अर्थ काढू पाहणारा इथे हमखास चकतो. एक्सपिडिशन म्हणजे मोहीम. सैन्य मोकळे होऊन निघाले ती मोहीम, म्हणून हा अर्थ. हिमालयात किंवा ध्रुवाकडे जाणाऱ्यांनी तो पुढे चालवला. जुन्या इंग्रजीत हाच शब्द 'तत्परता' या अर्थानेही येतो आणि औपचारिक लेखनात अजून सापडतो. तिथे 'मोहीम' असे भाषांतर केले की वाक्याचा चुराडा होतो. एक्सपीडियंटने आणखी दूरचा प्रवास केला. मोकळे करणारे ते सोयीचे, सोयीचे ते हिताचे, अशा पायऱ्यांनी तो 'योग्य, इष्ट' या अर्थापर्यंत आला. कायद्यांच्या प्रस्तावनेत अमुक तरतूद करणे एक्सपीडियंट आहे असे म्हणतात तेव्हा त्याला मराठी मसुद्यांत 'इष्ट' हाच शब्द वापरतात, आणि तो अचूक आहे. पण राजकारणावरच्या लेखात एखाद्या नेत्याचा निर्णय एक्सपीडियंट होता असे वाचले, तर लेखक टीका करतो आहे: निर्णय सोयीचा होता, तत्त्वाला धरून नव्हता. एकच शब्द कायद्यात शिफारस आणि अग्रलेखात ठपका. पायाचे चित्र कितीही नीट माहीत असले तरी हा फरक त्यातून कळणार नाही, तो वाचनातूनच कळतो.

आता इम्पीडकडे. अर्थ: वाटचालीत, प्रगतीत, प्रवाहात अडथळा आणणे. इम्पीड केल्याने गोष्ट थांबतेच असे नाही, ती रखडते. पूर्ण थांबवायचे असेल तर प्रिव्हेंट. मराठीत याला 'पायबंद घालणे' हा शब्दप्रयोग इतका चपखल बसतो की तो पाहून मला दर वेळी आनंद होतो. पायबंद म्हणजे घोड्याचे मागचे पाय बांधायची दोरी. लॅटिनने आणि मराठीने एकमेकांना न विचारता तेच चित्र निवडले. इंग्रजीने आपल्या स्वतःच्या जर्मन साठ्यातूनही तेच केले: बेडीला 'फेटर' म्हणतात आणि त्याचे मूळ फुट या शब्दाच्याच मुळाशी जाते.

पण नेमके इथेच सावध राहायला हवे. एक्सपेदिरेचे शब्दशः मराठी केले तर 'पाय मोकळे करणे' असे होईल. हा शब्दप्रयोग मराठीत आहेच, पण त्याचा अर्थ बसून बसून कंटाळल्यावर जरा फिरून येणे. चित्र तेच, अर्थ पूर्ण वेगळा. एका भाषेने त्या चित्रातून तातडी काढली, दुसरीने विसावा. पायबंदच्या बाबतीत दोन्ही भाषा एकाच ठिकाणी पोचल्या, पाय मोकळे करण्याच्या बाबतीत दोन टोकांना गेल्या. घटक अर्थ ठरवत नाहीत असे मी वर म्हटले ते यामुळेच.

इम्पीचची कहाणी तर याहून वळणाची आहे. लॅटिनमध्ये 'पेदिका' म्हणजे पायातली बेडी किंवा फास. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'इम्पेदिकारे', बेडी घालणे. ते फ्रेंचमध्ये झिजून 'आंपेशे' झाले. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'रोखणे, होऊ न देणे' असाच आहे. इंग्रजीत आले तेव्हा आधी तोच अर्थ होता. मग 'हल्ला करणे, आरोप करणे' या अर्थाच्या एका वेगळ्याच लॅटिन क्रियापदाशी, इम्पेतेरेशी, त्याची सरमिसळ झाली आणि इम्पीच म्हणजे अधिकारपदावरच्या व्यक्तीवर आरोप ठेवणे असा अर्थ पक्का झाला. 1376 साली इंग्लंडच्या संसदेत लॉर्ड लॅटिमर यांच्यावर असा खटला चालला, तो या प्रकारचा पहिला मानला जातो. आपण त्याला महाभियोग म्हणतो, आणि या मराठी शब्दात अर्थ नेमका उतरला आहे, कारण अभियोग म्हणजे आरोप. इम्पीच म्हणजे पदावरून काढणे, असा समज इंग्रजी वाचणाऱ्यांतही सर्रास आढळतो. अमेरिकेत अँड्रू जॉन्सन 1868 साली, बिल क्लिंटन 1998 साली आणि डोनाल्ड ट्रम्प 2019 व 2021 साली इम्पीच झाले. सिनेटने त्यांपैकी कुणालाही दोषी ठरवले नाही. आरोप ठेवणे ही एक पायरी, दोषी ठरवून पदावरून दूर करणे ही दुसरी, आणि इम्पीच हा शब्द फक्त पहिल्या पायरीचा.

पायाचे आणखी वंशज पाहायचे तर बुद्धिबळाच्या पटावर पाहा. इंग्रजी 'पॉन' मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'पायदळातला शिपाई' या अर्थाच्या शब्दावरून आला. मराठी 'प्यादे' फारसीतल्या 'पियादा' वरून, म्हणजे पायी चालणारा. संस्कृतात तोच 'पदाति'. तिन्ही शब्द एकाच मुळाचे, तिन्ही भाषांत पटावरचा तोच शिपाई. कचेरीतला 'प्यून' पोर्तुगीजांकडून आला आणि तोही पायीच चालत आला. पायजमा तर उघडच आहे. 'पेडिग्री' मात्र चटकन ओळखू येत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'करकोच्याचा पाय'. वंशावळीच्या तक्त्यात एका नावापासून फाटे फुटत जातात, ती खूण पक्ष्याच्या पावलासारखी दिसे.

एवढे वाचल्यावर 'पेड' दिसेल तिथे पाय शोधण्याचा मोह होईल. तो आवरावा. ऑर्थोपेडिक घ्या. हाडांचे डॉक्टर, पाय, पेड, सगळे कसे जुळते! तरी तिथे पाय नाही. निकोलस अँद्री या फ्रेंच वैद्याने 1741 साली हा शब्द घडवला तो ग्रीक 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'पाइदिऑन' म्हणजे मूल यांवरून, कारण त्याचा ग्रंथ मुलांच्या शरीरातली व्यंगे सुधारण्याबद्दल होता. पीडियाट्रिक्स आणि पेडागॉजी यांतही मूलच आहे. पोडियाट्री, जी खरोखर पायांची वैद्यकी, ती ओ घेऊन येते, कारण ग्रीक पाय 'पोद्' असतो. टॉर्पेडोमध्ये यांपैकी काहीच नाही. तो बधिर होण्याच्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आणि आधी विजेचा झटका देणाऱ्या माशाचे नाव होता.

दुसरा सापळा इम्पीडच्या आरंभीच आहे. इम्पॉसिबल, इम्प्युअर यांत 'इम' म्हणजे नकार. म्हणून विद्यार्थी इम्पीडमध्येही नकार वाचतात आणि 'पाय नसलेला' असा काहीतरी अर्थ लावतात. लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत. एक नकाराचा, तो आपल्या 'अन्' चा सख्खा भाऊ. दुसरा 'आत' या अर्थाचा. दोन्ही प च्या आधी 'इम' होतात आणि दिसायला अगदी सारखे होतात. ओळखायचे कसे? ढोबळमानाने, विशेषणाला चिकटला असेल तर नकार, क्रियापदाला चिकटला असेल तर 'आत'. इम्पोर्ट, इम्पोज, इम्प्रेस, सगळीकडे 'आत' किंवा 'वर' आहे. हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण बहुतेक वेळा वाट चुकू देत नाही.

एक्स्ट्राडाइटशीही गल्लत होते, कारण कानाला दोघे सारखे लागतात. त्याचा अर्थ गुन्हेगाराला दुसऱ्या देशाच्या ताब्यात देणे, प्रत्यार्पण. त्यात 'देणे' या अर्थाचे लॅटिन मूळ आहे, आपल्या 'दा' धातूचे नातेवाईक. पायाशी त्याचा संबंध नाही.

मग शिकायचे कसे? मी शिकवताना क्रम उलटा ठेवतो. आधी शब्द तीन-चार खऱ्या वाक्यांत पाहायचा आणि त्याच्याबरोबर कोणती नामे येतात ती टिपायची. एक्सपिडाइटबरोबर प्रोसेस, पेमेंट, डिलिव्हरी; इम्पीडबरोबर प्रोग्रेस, ग्रोथ, मूव्हमेंट. मग शब्दकोशातली व्युत्पत्ती वाचायची, आणि तीसुद्धा शेवटपर्यंत, कारण पहिल्या ओळीत अनेकदा फक्त फ्रेंच रूप असते आणि लॅटिन अंग पुढे येते. त्यानंतरच घटकांकडे वळायचे आणि स्वतःला विचारायचे की आजच्या अर्थात हे चित्र कुठे दिसते. एक्सपिडाइट आणि इम्पीडमध्ये ते स्पष्ट दिसते. एक्सपीडियंटमध्ये अंधुक दिसते. इम्पीचमध्ये ते जवळजवळ पुसले गेले आहे, तिथे इतिहास वाचावा लागतो.

हे करून पाहायला पुढचा शब्द म्हणून 'सप्लांट' घ्या. त्यातही पाय आहे, पण या वेळी 'पेद्' नाही, 'प्लांता' म्हणजे तळपाय आहे; 'सब' म्हणजे खालून. लॅटिनमध्ये अर्थ होता पाय घालून पाडणे. आज अर्थ आहे एखाद्याची जागा बळकावणे किंवा त्याच्या जागी येणे. आता चार-पाच वाक्ये शोधा आणि पाहा: नवे तंत्र जुन्याला सप्लांट करते तेव्हा त्यात पाडण्याचा भाव किती उरला आहे, आणि एखादा वारस दुसऱ्याला सप्लांट करतो तेव्हा किती?